घडी उघडताना



शाळेतल्या आमच्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मला आधी आठवला तो त्यांच्या टेबलावरचा पुठ्ठ्याचा खोका. त्यात ते वापरून झालेले टीपकागद ठेवत. गुलाबी, पांढरट, कडा कुरतडलेले, शाई पिऊन पिऊन जडावलेले कागद. पावसानं मैदान बुडालं की खेळाचा तास चित्रकलेला मिळे, आणि मग तो खोका उघडे. एकेक टीपकागद बाकांवरून हातोहात फिरे. तुला काय दिसतं ते सांग, एवढाच खेळ. अट मात्र एक होती. दुसऱ्याला जे दिसलं त्याला ‘छे, असं काही नाही’ म्हणायचं नाही. आपल्यालाही ते दिसेपर्यंत कागद धरून बसायचं, आणि दिसलं की मगच पुढच्याला द्यायचा.

खेळ मला तेव्हाच आवडला होता. अट समजायला तीसेक वर्षं गेली.

मी शाईच्या डागांची चित्रं करते. कागदावर शाई सोडायची, कागद दुमडायचा, तळहातानं दाबायचा आणि घडी उघडायची. हे बालवाडीतल्या मुलालाही येतं, आणि ते तसं येतं याचा मला आनंद आहे. बावीस वर्षं मी हेच करते आहे. उघडलेल्या घडीकडे बघताना पोटात जे होतं ते पहिल्या दिवशी होतं तसंच आजही होतं.

आमच्या पिढीच्या बोटांना शाई लागलेलीच असायची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत जो उद्योग सुरू केला त्याची सुरुवात शाईच्या पुडीनं आणि गोळीनं झाली होती. पुढे त्यांच्या ‘कॅमल’ शाईची दौत घराघरांत आली. दौतीतून टाक वर काढला की थेंब गळायचा, आणि बरोबर शुद्धलेखनाच्या वहीवर गळायचा. सरांच्या शाळेत येण्याआधी मी ज्या शाळेत होते तिथे डाग पडला की पान फाडून पहिल्या ओळीपासून लिहावं लागे. वही पातळ होत जाई, आणि वही पातळ का झाली म्हणून घरी बोलणी बसत. डागाची मला भीती होती. सरांच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात माझ्या वहीवर थेंब पडला. मी पानाला हात घातला, तर ते म्हणाले, ‘थांब, आधी बघू तरी कोण आलंय.’

‘काय झालं’ असं ते म्हणाले नाहीत. ‘कोण आलंय’ म्हणाले.

मराठीनं डाग या शब्दाला फार मोकळ्या मनानं वागवलंय. कपड्यावर पडतो तो डाग. चंद्रावर दिसतो तो डाग. बाईच्या अंगावर सोन्याचे चार डाग असतात, तेही डागच. एस.टी.च्या टपावर चढवायचं सामान जुनी माणसं ‘पाच डाग आहेत’ असं मोजत. लाज आणि लेणं एकाच शब्दात नांदतात. चंद्रावरच्या डागाचंच पाहा. कुणाला त्यात ससा दिसला म्हणून चंद्र शशांक झाला, कुणाला हरीण दिसलं म्हणून मृगांक झाला. चीन-जपानातही तिथे ससाच आहे, पण तो उखळापाशी उभा राहून कांडतो आहे. युरोपात कित्येकांना तिथे माणूस दिसत आला. आपल्या भाषेत तर शशांक आणि मृगांक एकाच घरातल्या दोन मुलांची नावं असू शकतात. शशांक म्हणणाऱ्यानं मृगांक म्हणणाऱ्याला खोटं पाडलं नाही. सरांची अट आपल्या पूर्वजांनी चंद्रापुरती पाळली होती.

माझं आजोळ राजापूरच्या बाजूला. चिऱ्याचं घर, आतून चुन्याची सफेती. मृग लागला की माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल चढायला लागे. आषाढात तिथे ढग जमत, श्रावणात पोपडे सुटून आतला तांबडा चिरा डोकावे. आजीला त्या भिंतीत तिची सासू दिसे, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. त्या बाजूला पाय करून ती कधी निजली नाही. मला तिथेच उंट दिसे. मी आजीला उंट दाखवला, तिनं मला सासू दाखवली, आणि मग आम्हा दोघींना दोन्ही दिसू लागलं. दिवाळीआधी चुन्याचा हात फिरे आणि दोघंही नाहीशी होत. पुढच्या पावसात परत येत, जागा थोडी बदलून.

पुढे कलाशाळेत गेल्यावर कळलं की या भिंतीला मोठा वंश आहे. अकराव्या शतकात चीनमध्ये सुंग दी नावाच्या चित्रकारानं दुसऱ्या एका चित्रकाराला सांगितलं होतं की एखादी पडकी भिंत शोध, तिच्यावर पांढरं रेशीम पसर आणि सकाळ-संध्याकाळ बघत राहा. खाचखळग्यांतून डोंगर आणि ओढे वर येतील. त्यानंतर चारशे वर्षांनी लिओनार्दो दा विंचीनं तरुण चित्रकारांना जवळजवळ हेच सांगितलं. डाग पडलेल्या भिंतींकडे बघा, त्यात निसर्गदृश्यं, लढाया, चेहरे सापडतील. त्यानं त्याला घंटानादाची उपमा दिली, की घंटेच्या आवाजात जे नाव ऐकायचं ते ऐकू येतं. पण लिओनार्दोचं पुढचं म्हणणं फारसं सांगितलं जात नाही. बोत्तिचेल्ली म्हणे रंगात बुडवलेला स्पंज भिंतीवर फेकला तरी त्यात निसर्गचित्र दिसतं. लिओनार्दोला ते मान्य होतं. मात्र डाग कल्पना देतो, ती तडीस कशी न्यायची ते शिकवत नाही, असंही त्यानं बजावलं, आणि बोत्तिचेल्लीची निसर्गचित्रं अगदी सुमार असतात असा शेराही मारला. डागाच्या भरवशावर बसू पाहणाऱ्या माझ्यासारखीनं हा शेरा जवळ बाळगावा असाच आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कोझेन्स या चित्रकारानं डागाची पद्धतच बसवली. भरल्या कुंचल्यानं कागदावर भरभर काळे फटकारे मारायचे, त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि आत दडलेला देखावा शोधून काढायचा. कागद आधी चुरगाळून घेतला तर आणखी बरं. १७८५-८६च्या सुमारास त्याचं पुस्तक निघालं. समकालीनांनी त्याची टर उडवली, पण त्याचं मर्म मला पटतं. हात आपल्या सवयीनं तेच झाड, तीच टेकडी काढत राहतो. डाग ती सवय मोडतो. तरी कोझेन्सच्या पद्धतीत डागात बघणारा एकटा चित्रकारच होता. प्रेक्षकासमोर यायचं ते पुरं झालेलं निसर्गचित्र. त्याला बघण्यासाठी डाग उरतच नसे.

वाइन्सबर्गचे युस्टिनुस केर्नर हे डॉक्टर आणि कवी. म्हातारपणी त्यांची नजर मंदावली आणि पत्रं लिहिताना शाईचे थेंब पडू लागले. त्यांनी कागद फेकले नाहीत, दुमडले. उघडल्यावर त्यांना भुतंखेतं, पाताळातली माणसं, पंख असलेले जीव दिसले. चार रेघा ओढून त्यांनी त्यांना नाकडोळे दिले आणि शेजारी कविता लिहिल्या. १८५७ साली हा संग्रह तयार होता. छापला गेला तो १८९०मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी. मी ती चित्रं पुनर्मुद्रणात पाहिली आहेत. ती मला फार प्रिय आहेत, पण त्यांच्यापाशी मी फार वेळ थांबू शकत नाही. हे भूत आहे असं केर्नर स्वतःच सांगतात. माझ्यासाठी काम शिल्लक राहत नाही.

आणि मग हेर्मान रोरशाख. त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण शाईचा डाग म्हटलं की लोकांना पहिल्यांदा तोच आठवतो, आणि बहुतेकदा चुकीचा आठवतो.

त्याचा जन्म १८८४चा, झुरिचचा. वाढला शाफहाउजेन गावात. वडील चित्रकला शिक्षक होते. शाळासोबत्यांनी त्याचं नाव ‘क्लेक्स’ ठेवलं होतं, शाईच्या डागासाठी असलेल्या जर्मन शब्दावरून. चित्रकार व्हावं की विज्ञानाकडे जावं या पेचात त्यानं एर्न्स्ट हेकेल या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं. उत्तर विज्ञानाच्या बाजूनं आलं आणि तो डॉक्टर झाला, मनोरुग्णालयात काम करू लागला. १९११च्या सुमारास शाळामास्तर असलेल्या एका मित्राबरोबर त्यानं मुलांना शाईचे डाग दाखवून पाहिले. पुढे त्यातून मानसशास्त्रीय चाचणीच्या दहा पाट्या सिद्ध झाल्या. पाच काळ्या-करड्या, दोन काळ्यात लाल मिसळलेल्या, तीन बहुरंगी. १९२१ साली पुस्तक आलं. २ एप्रिल १९२२ रोजी, पुस्तक निघून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, अपेंडिक्स फुटून तो गेला. वय ३७.

त्या दहा पाट्या सांडलेल्या शाईच्या आहेत असं समजणं चूक आहे. तो चित्रकाराचा मुलगा होता आणि त्याचा हात तयार होता. त्यानं आकार पुन्हा पुन्हा काढले, छाटले, बदलले, आणि ते आपोआप झाल्यासारखे दिसेपर्यंत त्यांच्यावर काम केलं. ज्यात कुणाचा हात दिसत नाही असं चित्र हातानं करायचं, याइतकं अवघड काम मला दुसरं माहीत नाही. छपाईत काळ्या रंगाच्या गडद-फिकट छटा उतरल्या, आणि बिघाड म्हणून त्या टाकून देण्याऐवजी त्यानं त्यांतही शक्यता पाहिल्या, असं सांगतात.

त्याचा प्रश्न मला त्याच्या पाट्यांहून मोठा वाटतो. ‘हे काय आहे?’ असं तो विचारत नसे. ‘हे काय असू शकेल?’ असं विचारत असे. या दोन क्रियापदांत सगळं आलं. ‘आहे’ म्हटलं की एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक ठरतात. ‘असू शकेल’ म्हटलं की माणूस मोकळा होतो. आणि काय दिसलं याइतकंच कसं दिसलं याकडे त्याचं लक्ष असे: पूर्ण डाग घेतला की एक कोपरा, आकारावर नजर गेली की रंगावर, दिसलेली आकृती स्थिर होती की हालत होती.

त्या पाट्यांत लोकांना काय दिसतं ते मी इथे सांगणार नाही, आणि माझ्या चित्रांत त्यांची नक्कलही करत नाही. ती चाचणी आजही वापरली जाते. जो माणूस उद्या अडचणीत सापडून तज्ज्ञासमोर बसेल त्याच्या डोक्यात माझं चित्र आधीच जाऊन बसू नये. त्या चाचणीतून काय कळतं आणि काय कळत नाही यावर मानसशास्त्रातच अनेक दशकं वाद चालू आहे, आणि त्यात बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण प्रदर्शनात कुणी ना कुणी हळू आवाजात विचारतंच, ‘मला हे असं दिसलं, म्हणजे मी कसा आहे?’ मी प्रत्येकाला सांगते: तुम्हाला ते दिसलं, एवढंच, मी कुणाला तपासायला बसलेली नाही. ज्याला आपण तपासले जातोय असं वाटतं तो बघणं थांबवतो आणि बरं दिसेल असं उत्तर शोधू लागतो.

आता कामाबद्दल बोलते. विद्यार्थी समोर बसलेत म्हणून थोडं बारकाईनं.

मी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरते. १९४० पासून तिथे चिंध्यांचा कागद होतो. त्याला सरस किती लावला आहे यावर सगळं अवलंबून. सरस नसेल तर शाई फुटते, कडा केसाळ होतात. सरस जास्त असेल तर शाई वर तरंगते आणि दाबल्यावर नुसती पसरते. कागद ओल्या स्पंजानं पुसून घेतला की मधली अवस्था मिळते. शाया तीन. काजळाची शाई कागदाच्या वर बसते, तिचा काळा रंग हलत नाही. पेनची काळी शाई पाणी लागलं की आतले रंग सोडते. कडेला निळा, जांभळा, कधी तांबूस वेगळा होतो. तिसरी हिरडा आणि हिराकसाची. ती पडताना फिकट असते आणि हवा लागेल तशी काळी होत जाते. म्हणजे घडी उघडली तेव्हा जे चित्र दिसलं ते संध्याकाळपर्यंत दुसरंच होतं. पावसाळ्यात दाबायला सवड मिळते. वैशाखात शाई हातातच वाळते आणि दुसऱ्या बाजूला उमटतच नाही.

घडीची दिशा ही या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कागद उभा दुमडला की डावी-उजवी बाजू सारखी होते आणि चेहरे, मुखवटे, पाखरं, हाडं दिसू लागतात. आपण स्वतः डावीउजवीकडे सारखे आहोत. समोरून येणारं माणूस, गाय, कुत्रं, सगळं तसंच आहे. सारखेपणाचा कणा उभा दिसला की आपल्याला कुणीतरी समोर आल्यासारखं वाटतं. तोच कागद आडवा धरा. घडीची रेघ आता क्षितिज होते, खालचा भाग वरच्याचं पाण्यातलं प्रतिबिंब होतो, आणि वटवाघळाची खाडी झालेली दिसते: काठावर झाडी, पलीकडे डोंगर. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी ते चित्र दिवसभर फिरवत बसले होते.

मात्र दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या तर चित्र गोठतं. उघडल्यावर मी एका बाजूला पाण्याचा हात फिरवते, किंवा टीपकागदानं थोडी शाई उचलते. सरांचा टीपकागद असा माझ्या हातात आला. दोन बाजूंत जरा फरक पडला की आकृती मान वळवते.

दहा कागदांतले आठ मी टाकून देते. काही चिखल होतात, त्यात कुणालाच काही दिसणार नाही. पण जास्त कागद मी उलट कारणासाठी टाकते: त्यांत लगेच, एकच गोष्ट दिसते. उघडलं आणि फुलपाखरू, बस. असं चित्र मोठ्यानं बोलतं आणि गप्प होतं. मला हवा असतो तो डाग जो आधी काहीच देत नाही, मग एक देतो, आणि आपण निघालो की पाठीमागून दुसरं देतो.

यातली माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या प्रदर्शनात मी प्रत्येक चित्राखाली नाव लावलं होतं. ‘दोन बहिणी’, ‘वळीव’, ‘घुबड’. लोक यायचे, नाव वाचायचे, मान डोलवायचे, पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी ‘घुबडा’पुढे थांबली आणि मला म्हणाली, हा तर आमच्या विहिरीचा रहाट आहे. मी म्हटलं, अगं, घुबड आहे ते, डोळे बघ. तिनं डोळे बघितले, मान हलवली आणि नंतरच्या एकाही चित्रापाशी ती काही बोलली नाही. रात्री मी तो रहाट शोधला. सापडायला वेळ लागला, पण होता, दोरासकट. पान फाडून टाकायला लावणाऱ्या त्या शाळेत मीच येऊन उभी राहिले होते. सकाळी सगळी नावं काढली.

चित्राला नाव न देण्याची वाट आपल्याकडे मोठ्या माणसांनी घालून दिली आहे, हे मला तेव्हा माहीत होतं, पण उमगलं नव्हतं. रवींद्रनाथ ठाकुरांनी कवितांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडत जोडत आकृती केल्या. १९२४मध्ये अर्जेंटिनात असताना ‘पूरबी’च्या वहीत त्या इतक्या वाढल्या की त्यांच्या यजमान व्हिक्टोरिया ओकाम्पो चकित झाल्या. १९३०च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ठाकूर सत्तरीला आले होते. ज्यानं आयुष्यभर शब्दांवर राज्य केलं त्यानं आपल्या बहुतेक चित्रांना शब्दाचं नाव द्यायचं टाळलं. खोडलेल्या ओळीचा पक्षी होतो तेव्हा त्याला पुन्हा शब्दात कोंडणं त्यांना नको होतं, असं मला वाटतं.

वासुदेव गायतोंडेंची चित्रंही निनावी, पण त्यांचं निनावीपण निराळं. ते आपल्या कामाला अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुविरहित म्हणणं पसंत करत. रोलर आणि पॅलेट नाइफनं चढवलेल्या-उतरवलेल्या रंगांच्या थरांत कुणी घोडा शोधू लागलं तर ते चित्र मिटून जातं. तरुणपणी मी त्यांच्या आणि माझ्या कामाला एकाच रांगेत बसवत असे. आता तसं वाटत नाही. त्यांचं चित्र बघणाऱ्याला निःशब्दाकडे नेतं. डाग बघणाऱ्याला बोलता करतो. गप्प करणाऱ्या चित्रापुढे मी नमस्कार करते आणि बोलत्या डागाकडे परत येते, कारण आपल्या गावांतली माणसं चित्रापुढे आधीच फार गप्प असतात. ‘आम्हाला यातलं काही कळत नाही’ असं म्हणत दारातच चपला घालून उभी असतात. स्वयंपाकघरात कणकेच्या गोळ्यावरून पाण्याचा अंदाज घेणारी, ढगावरून पाऊस सांगणारी ही माणसं. त्यांना बघायला येत नाही असं त्यांना कुणी सांगितलं?

म्हणून मी वह्या ठेवायला लागले. प्रत्येक चित्राशेजारी एक वही, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. आधी बघा, मग लिहा, मग मागच्यांनी लिहिलेलं वाचा, आणि वाचून परत बघा. क्रम महत्त्वाचा. आधी वाचलं तर दुसऱ्याचंच दिसतं. वाचून परत बघितलं नाही तर फक्त आपलंच दिसतं.

एका तालुक्याच्या गावी ग्रंथालयाच्या सभागृहात लावलेल्या एका चित्राच्या वहीतलं सांगते. चित्र उभ्या घडीचं, हिरड्याच्या शाईचं, खाली रुंद आणि वर निमुळतं. एका बाईंनी लिहिलं होतं: ‘विळीवर बसलेली आई, पाठमोरी.’ खाली शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी: ‘घडीवर बेतलेलं कापड. उजवा मुंढा चुकलाय.’ मुंढा चुकला होता हे खरंच. तिथेच मी शाई उचलली होती. एका एस.टी. चालकानं: ‘रात्री घाटात समोरून गाडी येते आणि काचेवर पाऊस असतो तेव्हा.’ त्यानं वाक्य तिथेच सोडलं होतं. दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीनं: ‘कमरेचा एक्स-रे.’ आणि मुलाच्या अक्षरात: ‘दोन बेडूक. लाडू एकच.’

या सगळ्या नोंदी मी चित्रापुढे उभी राहून एकेक करून शोधल्या, सरांच्या अटीप्रमाणे. आई सापडली. घाट सापडला. बेडकांसाठी मला खाली वाकून मुलाच्या उंचीवर यावं लागलं. मग तेही दिसले, आणि लाडूही.

असं ऐकलं की कुणी म्हणतं, मग काय, काहीही म्हणावं आणि ते खरं! तसं नाही. त्या वहीत बेचाळीस नोंदी होत्या. त्यांत कुणालाही आगगाडी दिसली नव्हती, शिडी दिसली नव्हती, उसाचं शेत दिसलं नव्हतं. रुंद बैठक आणि वर निमुळता होत गेलेला भार सगळ्यांनी पकडला होता: बसलेली आई, बसलेले बेडूक, कंबर, घाट. चित्रातला अर्थ मोकळा असतो, मोकाट नसतो. त्याचं दावं चित्रकारानं बांधायचं असतं, आणि ते किती लांब ठेवायचं हेच त्याचं कसब.

यावर मला एकदा फार चांगला धडा मिळाला. एका चित्रात मी राहवेना म्हणून काजळाच्या शाईचे दोन ठिपके दिले. त्या वहीत पानंच्या पानं एकच नोंद आली: चेहरा, चेहरा, राक्षसाचा चेहरा, मांजराचा चेहरा. दोन ठिपक्यांनी बाकी सगळं पुसून टाकलं. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गावच्या देवीपुढे उभी होते. तिथे मूर्ती नाही, तांदळा आहे. न घडवलेला दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचे थर, आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. डोळे आहेत म्हणून दगड आपल्याकडे बघतो. पण ते डोळे पाथरवटानं कोरलेले नसतात. कुणाचा तरी नवस फिटतो आणि तो डोळे आणून वाहतो. दगड दगडच राहिला म्हणून त्याला ते वाहता आले. मी माझ्या चित्राला आधीच डोळे लावून ठेवले तर दर्शनाला येणाऱ्यानं काय आणायचं?

ते दोन ठिपके पुसता येण्यासारखे नव्हते. ते चित्र मी ठेवलंय, विद्यार्थ्यांना दाखवते.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९८४मध्ये घडीचे असेच डाग केले, पण प्रचंड. कॅनव्हासच्या एका अर्ध्यावर रंग ओतून घडी घातली. त्याची समजूत होती की रोरशाखच्या चाचणीत रुग्ण स्वतःच डाग करतो आणि डॉक्टर तो वाचतो. ही समजूत चुकीची होती, पण तिच्यामुळे त्याला हात सैल सोडता आला. मला मात्र या भल्यामोठ्या आकारांपेक्षा तळहाताएवढे डाग जवळचे वाटतात. लहान चित्रापाशी माणूस जवळ येतो. जवळ आलेली दोन माणसं एकमेकांशी बोलतात.

ते बोलणं हेच मी करते त्या कामाचं उरलेलं अर्धं आहे. मागे एका प्रदर्शनात दोन अनोळखी म्हातारे एका चित्रापुढे पाऊण तास उभे होते. एकाला बैल दिसत होता, दुसऱ्याला बाज. बाजवाल्याला बैल दिसेना. बैलवाला बोटानं हवेत शिंगं काढून दाखवत होता. शेवटी बाजवाल्यानं चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, ‘हां, बसलाय होय तो! मी उभा शोधत होतो.’ दोघं तिथून चहाला गेले.

मला सरांची अट त्या दिवशी कळली. दुसऱ्याला दिसलेलं आपल्याला दिसेपर्यंत बघायचं, यात चित्रकलेचा धडा होताच. पण वर्गात साठ मुलं होती, निरनिराळ्या वाड्यांवरची, एकमेकांच्या घरी पाणी न पिणारी, आणि ती साठ मुलं एका शाईच्या डागावरून एकमेकांच्या डोळ्यांत शिरत होती. सरांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी टीपकागद फिरवला.

मंडळी, बाहेर व्हरांड्यात बारा चित्रं लावली आहेत. नावं नाहीत. वह्या आहेत, पेन्सिली दोऱ्याला बांधल्या आहेत, मुलांसाठी दोन स्टुलं ठेवली आहेत. दिवे साडेनऊपर्यंत चालू राहतील. आणि सरांच्या घरच्यांनी आज तो पुठ्ठ्याचा खोका आणला आहे. तो मी शेवटच्या टेबलावर उघडा ठेवते. कागद हातात घ्या, पुढच्याला द्या. फक्त कडेनं धरा, पन्नास वर्षांचे आहेत.